चोविसाव्या हिश्श्याची मोटार

दिवाळी जवळ आली की कोल्हापुरातील पेठापेठांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. महादरवाजाशी पहारा देणारा मावळा दरवाजाहून उंच असतो, पायथ्याच्या गावातील गाय घरात मावणार नाही एवढी मोठी असते. ते कोणालाही खटकत नाही, कारण किल्ला हा कल्पनेचा खेळ आहे. पण तेच हात मोठेपणी एखाद्या जुन्या मोटारीची प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवू लागले, की हा मोकळेपणा संपतो. १:२४ या प्रमाणात प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे मूळ गाडीतील २४ मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. पुढचा दिवा तेवढा सरकला तरी गाडीचा चेहरा बदलतो आणि ज्याने ती गाडी वापरली आहे, त्याच्या ते लगेच लक्षात येते.

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून मोटार जोडायची आणि रंगवायची, हा छंद दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर पसरला. ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने १९५० च्या दशकात जुन्या मोटारींचे १:३२ प्रमाणातील संच बाजारात आणले. अमेरिकेत मोटारविक्रेते गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी १:२५ प्रमाणातील नमुने ठेवत. त्यांच्याच साच्यांतून पुढे तेथील संच निघाले. १:२४ हे प्रमाण फूट-इंचांच्या हिशेबातून आले आहे. मूळचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत अर्धा इंच. १:४३ हे प्रमाण खेळण्यातील आगगाड्यांच्या मापातून आले. जपानची तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या व्यवसायातून सुरू झाली आणि १९६० मध्ये प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. आज अनेक छंदी मंडळी तिचे संच प्रमाण मानतात.

ओतकामाशी नाते

संचाचे खोके उघडले की आत एका चौकटीला चिकटलेले अनेक भाग दिसतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने ओतकाम पाहिले आहे, त्याला ही चौकट ओळखीची वाटेल. वितळलेले प्लॅस्टिक ज्या वाटेने साच्यात शिरते, ती वाटच गोठून चौकट होते. फाउंड्रीतही तिला रनरच म्हणतात. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न करणारा कारागीर तो तेवढा मोठा ठेवतो. पॉलिस्टायरीन सुमारे अर्धा टक्का आकसते आणि साचा करणाऱ्यालाही तोच हिशेब मांडावा लागतो. साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये फटीची बारीक रेघ राहते, ती घासून काढणे हे दोन्हीकडे पहिले काम.

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर प्लॅस्टिकवर उरलेला असतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही, तर पुढे रंगाचे पापुद्रे निघतात. भाग हाताने मोडून काढायचे नसतात. बारीक कटरने थोडे अंतर ठेवून कापायचे आणि उरलेला तुकडा घासायचा. या कामातील गोंद खरे तर चिकटवत नाही. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करतो, म्हणजे ती एक प्रकारची वेल्डिंगच असते. सुपरग्लूच्या वाफेने काचेचे पारदर्शक भाग पांढुरके पडतात, म्हणून खिडक्यांसाठी पांढरा फेव्हिकॉलच बरा.

रंगाची जाडी

गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग होते, त्याच क्रमाने येथेही काम चालते. आधी लांबी भरायची, मग वॉटर पेपरने घासायचे, मग प्राइमर, त्यावर रंगाचे पातळ हात आणि शेवटी चकाकी. फरक आहे तो जाडीचा. प्रतिकृतीवर रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर बसला, तर मूळ गाडीच्या हिशेबाने तो २.४ मिलिमीटर होतो. दाराभोवतीची पाच मिलिमीटरची फट १:२४ मध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते. दोन जाड हातांत ती बुजते आणि दार नुसते काढल्यासारखे दिसते. म्हणून जाणकार रंगाआधी ती खाच सुईसारख्या हत्याराने थोडी खोल करून घेतात आणि ब्रशऐवजी एअरब्रशने पातळ थर चढवतात. गणेशोत्सवापूर्वी शाहूपुरीच्या किंवा बापट कॅम्पच्या कुंभारवाड्यात स्प्रे गन चालताना ज्याने पाहिली आहे, त्याला हात सतत हलता ठेवणे आणि एका जागी न थांबणे म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

रंगाची छटा हा त्याहून अवघड विषय आहे. मूळ गाडीचा तोच रंग डब्यातून काढून छोट्या प्रतिकृतीला लावला, तर तो अनेकदा अधिक गडद भासतो. मोटार आपण काही अंतरावरून पाहतो आणि मधल्या हवेने रंग किंचित फिका होतो. प्रतिकृती मात्र हातभर अंतरावर असते. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळण्याची पद्धत आहे. धातूच्या कणांचा चमकदार रंग तर जपूनच वापरावा, कारण थर जसा २४ पट जाड वाटतो तसे कणही २४ पट मोठे दिसतात.

कोल्हापूरच्या पावसाचाही या छंदावर अंमल चालतो. दमट हवेत थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि चकचकीत रंग दुधाळ पडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे महिने घासणे, जोडणे आणि मापे घेणे यांसाठी ठेवावेत आणि अखेरचा रंग पाऊस ओसरल्यावर चढवावा, हे शहाणपणाचे. खिडकी उघडी ठेवणे आणि वाफेसाठी बनवलेला मास्क वापरणे मात्र बारा महिने आवश्यक. साधे फडके थिनरची वाफ अडवत नाही.

खोक्यात न मिळणाऱ्या गाड्या

पाऊस ओसरतो तोवर दसरा येतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते आणि ती पाहायला गर्दी लोटते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील ही गाडी. जर्मनीतील फ्रीडरिक्सहाफेन येथील मेबॅक कारखाना हवाई जहाजांची इंजिने बनवत असे. १९२१ ते १९४० या काळात त्याने मोटारीही बनवल्या, त्या सारा हिशेब धरून दोन हजारही भरत नाहीत. कारखाना प्रामुख्याने इंजिनासह सांगाडा देई. वरची बांधणी गिऱ्हाइकाच्या पसंतीनुसार वेगळे कारागीर करत. त्यामुळे एका मेबॅकसारखी दुसरी मेबॅक क्वचितच असे आणि खोक्यातून निघालेली कोणतीही मेबॅक ही कोल्हापूरची मेबॅक ठरत नाही. शिवाय चौकात ती दिसते ती सूर्यास्ताच्या सुमारास, सोने लुटण्याच्या वेळी. त्या तांबूस उजेडात टिपलेल्या छायाचित्रावरून रंग ठरवला तर तो चुकणारच.

संस्थानिकांच्या काही मोटारींना वेगळे भाग्य लाभले. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ मध्ये बांधलेली रोल्स-रॉइस ‘स्टार ऑफ इंडिया’ ही इटलीच्या पोखेर कंपनीने १:८ एवढ्या मोठ्या प्रमाणात संचरूपात आणली. ज्या गाड्या संग्राहकांच्या डोळ्यांत भरल्या, त्यांचे साचे झाले. पण ज्या गाड्यांतून सामान्य माणसे लग्नाला, देवाला आणि दवाखान्यात गेली, त्यांचे काय? प्रीमियर पद्मिनीचा संच दुकानात मागितला, तर सहसा नकारच मिळतो. ही गाडी तर महाराष्ट्राचीच. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून सुमारे २००० सालापर्यंत ती तयार झाली. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. ॲम्बेसेडरचे उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबले होते.

अशा गाडीची प्रतिकृती मुळापासून घडवावी लागते आणि त्याची रीत अवघड नाही. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर २३४० मिलिमीटर आहे. २४ ने भागले की ९७.५ मिलिमीटर. गाडीपासून बरेच दूर उभे राहून, झूम वापरून, दाराच्या मुठीच्या उंचीवरून अगदी बाजूने छायाचित्र घ्यावे. जवळून घेतले तर टोके वाकडी दिसतात. छापील चित्रात चाकांमधील अंतर १५६ मिलिमीटर आले, तर प्रत्येक मापाला ०.६२५ ने गुणायचे. चित्रातील ६० मिलिमीटर रुंदीचे दार प्रतिकृतीत ३७.५ मिलिमीटर होईल. हीच रीत समोरून आणि मागून घेतलेल्या चित्रांना लावता येते, फक्त तेथे मोजलेली रुंदी आधार धरावी. मग लाकडी ठोकळ्यावर आकार काढून त्यावर प्लॅस्टिकचा तापवलेला पत्रा बसवतात किंवा आता त्रिमितीय छपाईचीही मदत घेतात.

चित्रातून न मिळणारी मापे मात्र गाडीजवळ जाऊनच घ्यावी लागतात. बंपर जमिनीपासून किती उंच, डॅशबोर्डची कड किती जाड, छताचा बाक नेमका कोठे सुरू होतो, हे सांगायला गाडी उभी असली पाहिजे. भंगारात गेलेल्या मोटारीची अशी चौकशी करता येत नाही. आतील माहिती तर त्याहून लवकर हरवते. आसनावर कोणत्या कापडाचे कव्हर होते, काचेवर कोणत्या देवाचे चित्र चिकटवले होते, मागच्या काचेवर मुलाचे नाव कोणत्या रंगात लिहिले होते, हे केवळ घरातील माणसांनाच ठाऊक असते.

म्हणून या छंदाचा आरंभ एखाद्या परदेशी गाडीच्या तयार संचाने करणे योग्यच. त्यावर हात बसतो आणि चुका स्वस्तात होतात. पण ज्यांच्या दारात, परड्यात किंवा नात्यातील कोणाच्या शेडमध्ये एखादी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर अजून उभी आहे, त्यांनी रंगाचा पहिला डबा विकत घेण्यापूर्वी टेप, वही आणि कॅमेरा घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारावी. प्रतिकृती पुढच्या वर्षी करता येईल. मापे घेण्यासाठी गाडी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.