फोटो नळदुर्गचाच, पण कधीचा? पोस्टला चित्र लावण्याआधी एवढं बघा

पावसाळा आला की नळदुर्ग किल्ल्यातल्या पाणीमहालाचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. नर आणि मादी, दोन्ही धबधबे जोरात कोसळतायत आणि खाली लिहिलेलं असतं, 'आजचं दृश्य'. फोटो खरा असतो, 'आजचं' मात्र अनेकदा खोटं असतं. बोरी नदीला भरपूर पाणी आलं तरच हे धबधबे सुरू होतात. जुन्या फोटोवर विसंबून गाडी काढणाऱ्याला कोरडा बंधारा बघून परतावं लागतं.

म्हणून 'कोणता फोटो छान दिसतो' याआधी 'तो कुठल्या प्रकारचा आहे' हे बघायला हवं.

सगळ्यात भक्कम फोटो स्वतः काढलेला. थोडा हललेला असला तरी तारीख आणि ठिकाण पक्कं असतं. मित्राकडून मागवत असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. नेहमीसारखा पाठवला की दर्जा उतरतो आणि फाइलमधली तारीख-लोकेशनही निघून जाते.

जुना फोटो वापरायचा नाही का?

वापरा, पण 'संग्रहित छायाचित्र' असं लिहून. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागात पूर आला. अशा वेळी भलत्याच वर्षीचा पूर 'परंड्याचा' म्हणून फिरला, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा जीव टांगणीला लागतो.

गुगलवर मिळाला म्हणजे फुकट?

नाही. भारतात छायाचित्रावरचा कॉपीराइट छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९९३ च्या किल्लारी-सास्तूर भूकंपाचे वर्तमानपत्रांत छापलेले फोटो कितीही जुने वाटले, तरी आजही कुणाच्या तरी मालकीचे आहेत.

मोफत वापरासाठी विकिमीडिया कॉमन्स बघा. धाराशिव लेणी, तेरची मंदिरं शोधताना 'उस्मानाबाद' असंही टाइप करा. जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे सप्टेंबर २०२३ मध्ये बदललं, त्याआधीचे बरेच फोटो जुन्याच नावाखाली आहेत. 'सीसी बाय' परवाना असेल तर फोटोग्राफरचं नाव आणि परवाना लिहावाच लागतो. 'सीसी बाय-एसए' असेल तर फोटोत बदल करून बनवलेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं.

लेण्यांपर्यंतचा रस्ता सांगायचा असेल तर फोटोपेक्षा साधा नकाशा बरा. तो पीएनजीमध्ये सेव्ह करा, जेपीजीत बारीक अक्षरं फुटतात.

एआयचं चित्र सणाच्या शुभेच्छांना ठीक. किल्ल्याची माहिती देताना ते नकोच. नळदुर्गच्या नवबुरुजाला नऊ पाकळ्या आहेत, एआय किती काढेल याचा नेम नाही! तरीही वापरलंच, तर 'एआयने बनवलेलं चित्र' असं चित्रावरच लिहा. कॅप्शनमध्ये लिहिलेलं पहिल्याच फॉरवर्डमध्ये गळून पडतं.