वीट तीन किलोची, मग काम जड कसं? : मोजमापाचं साधन निवडण्याआधी

पेट पास झालात, विषय साधारण ठरला, की गाईड विचारतातच : "नेमकं काय मोजणार आणि कशाने?" आपल्यापैकी बरेच जण 'कशाने' आधी ठरवून टाकतात, कारण एखादं प्रसिद्ध साधन कुठल्यातरी पेपरात वाचलेलं असतं. यात काय धोका आहे ते एका घरगुती उदाहरणातून पाहू. घराच्या परसात विटांची फरसबंदी करायची आहे. संशोधनाचा प्रश्न : हे काम शरीराला किती जड आहे?

वीट साधारण तीन किलोची. म्हणजे काम हलकंच, असं वाटेल. आता जरा कागद-पेन घ्या. जागा १२ बाय १२ फूट. ९ बाय साडेचार इंचांची वीट आडवी टाकली तर चौरस फुटाला साडेतीनच्या आसपास विटा लागतात. एकूण सुमारे ५१०, म्हणजे दीड टन. विटेची जाडी ३ इंच, खाली वाळू १ इंच, त्याखाली खडी ४ इंच. म्हणजे ८ इंच खोदकाम आलं. ही माती सुमारे २.७ घनमीटर भरते. घनमीटरला दीड टन धरला तरी चार टन झाले. खडी-वाळूचे आणखी पावणेतीन टन. बेरीज आठ टनांच्या पुढे जाते. त्यात हा माल एकदाच उचलला जात नाही : आधी उतरवा, मग वाहून न्या, मग पसरा. पहिला धडा इथेच मिळतो. आपल्या अभ्यासाचं एकक 'एक वीट' नसून 'पूर्ण काम' आहे.

आता साधनाकडे येऊ. वजन उचलण्याचा विषय निघाला की नायॉशचं समीकरण हमखास समोर येतं. नायॉश ही अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था. तिचं १९९१चं सुधारित समीकरण सांगतं की अगदी आदर्श स्थितीत २३ किलोपर्यंत उचलावं. स्थिती बिघडली की हा आकडा गुणकांनी कमी होत जातो. उदाहरणार्थ, ओझं शरीरापासून २५ऐवजी ५० सेंटीमीटर लांब असेल तर गुणक ०.५. हात थेट जमिनीपासून उचलत असतील तर ०.७७५. बाकी सगळं आदर्श धरलं तरी २३ × ०.५ × ०.७७५ = ८.९ किलो. म्हणजे वाकून, हात लांब करून तीन विटा उचलल्या की मर्यादा संपली! वारंवार उचलणं आणि कंबर वळवणं यांचे गुणक तर अजून धरलेलेच नाहीत.

छान वाटतंय ना? पण थांबा. हे समीकरण कुठे लागू नाही, ती यादी वाचा : एका हाताने उचलणं, बसून किंवा गुडघे टेकून उचलणं, फावड्याने किंवा हातगाडीने माल हलवणं, ओझं घेऊन चालणं, ढकलणं, ओढणं. आता आपलं काम आठवा. माती फावड्याने निघते. खडी घमेल्यातून, डोक्यावरून जाते. वीट गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून, बहुधा एका हाताने बसवली जाते. धुमसाने ठोकणं तर 'उचलण्या'च्या हिशोबात नीट बसतच नाही. म्हणजे कामाचा मोठा भाग समीकरणाच्या बाहेर राहिला.

तरीही कोणी फक्त विटा उतरवण्याचा भाग मोजला आणि 'काम मर्यादेत आहे' असं लिहून टाकलं तर? गणितात चूक सापडणार नाही, पण निष्कर्ष फसवा असेल. दिवसभर घमेली वाहणारी बाई आणि गुडघे सुजलेला गवंडी त्या तक्त्यात दिसणारच नाहीत. उद्या त्याच तक्त्याच्या आधारे कोणी म्हणेल, यांना जास्तीच्या माणसाची किंवा विश्रांतीची गरज नाही.

मग करायचं काय? कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येकाला शोभेल असं साधन घ्या. समोर ठेवलेल्या थप्पीतून दोन्ही हातांनी, उभं राहून विटा उचलण्यासाठी नायॉश चालेल. बसणं-वाकणं नोंदवायला ओवास ही निरीक्षण पद्धत आहे. ती फिनलंडच्या पोलाद उद्योगात तयार झाली आणि पाठ, हात, पाय व ओझं अशा चार गोष्टी टिपते. खोदकाम आणि वाहतुकीसाठी हृदयाचे ठोके मोजा. सोबत बोर्ग यांची ६ ते २० अंकांची श्रमश्रेणी वापरून "किती दमलात?" हे खुद्द काम करणाऱ्यालाच विचारा. या सगळ्याच साधनांना आपापल्या मर्यादा आहेत. ओवासमध्ये मनगटाची हालचाल सुटते. उन्हात काम असेल तर ठोके श्रमाशिवाय उष्णतेमुळेही वाढतात. म्हणून तर एकाहून जास्त साधनं लागतात.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. निवडलेल्या साधनाचा मूळ पेपर काढा आणि 'हे कुठे वापरू नये' तो भाग आधी वाचा. मग आपल्या अभ्यासातल्या कामांची यादी शेजारी ठेवून एकेक खूण करत जा. निम्म्या खुणा बाहेर पडल्या तर बरंच झालं, कारण साधन बदलायला अजून वेळ आहे.