सोलर हीटर घेण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन पाहा

दिवाळी जवळ आली, थंडीची चाहूल लागली की सोलरच्या जाहिराती वाढतात. "सरकार सबसिडी देत आहे" हे कुठेतरी ऐकलेले असते आणि अनेक कुटुंबे तेवढ्यावरच दुकान गाठतात. पहिला गोंधळ तिथेच होतो. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतील सबसिडी छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे. आंघोळीचे पाणी तापवणारा सोलर हीटर हे वेगळे यंत्र आहे. त्यात वीज तयार होत नाही, उन्हाने थेट पाणी तापते. या हीटरवर पूर्वी केंद्र सरकारचे अनुदान मिळत असे, ते बंद होऊन बरीच वर्षे झाली. त्यामुळे "सूर्यघर योजनेत हीटर बसवून देतो" असे कोणी म्हणाले तर त्याच्याकडे योजनेचा कागद मागा. पुण्यासारख्या काही महापालिका मिळकतकरात सवलत देतात. आपल्याकडे आहे का, हे करविभागात विचारून घ्यावे.

सबसिडी नसली तरी हीटर परवडतो का? हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४ युनिट वीज लागते. आपल्या बिलात शेवटच्या टप्प्याचा युनिट दर काय आहे ते पाहा आणि वर्षातल्या उन्हाच्या दिवसांनी गुणा. ज्यांच्या घरी रोज गिझर किंवा रॉड लागतो त्यांना उत्तर लगेच मिळेल. ज्यांच्या घरी दोनच माणसे आहेत आणि उन्हाळाभर गार पाण्याने आंघोळ होते, त्यांनी घाई करण्याचे कारण नाही.

किती लिटरचा घ्यायचा, यावर विक्रेता नेहमी मोठा आकडा सांगतो. पण ६० अंशांचे पाणी कोणी अंगावर घेत नाही. २० लिटरच्या बादलीत साधारण ९ लिटर कढत पाणी आणि बाकी गार, एवढ्यात आंघोळीजोगे पाणी होते. म्हणजे १०० लिटरमध्ये दहा-अकरा बादल्या निघतात. चार-पाच जणांच्या, बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला तेवढे पुरते. शॉवर असेल किंवा पाहुण्यांचा राबता असेल तर १५० लिटरचा विचार करावा. ज्या घरातून कोणी पहाटे पाचला पहिल्या पाळीला निघते, तिथे कालच्या उन्हाचे पाणी रात्रभर टिकायला हवे. अशा वेळी लिटरपेक्षा टाकीभोवतीचे पफचे आवरण किती जाड आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता गच्चीवर चला. घरगुती हीटर बहुतेक पंपाशिवाय चालतो. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते. पण त्या टाकीत पाणी भरते ते आपल्या नेहमीच्या गार पाण्याच्या टाकीतून, उतारानेच. म्हणून गार टाकीचा तळ हीटरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवा. आपल्याकडे बहुतेक घरांत काळी टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते आणि हीटर उभा केला की तो तिच्याही वर जातो. मग गार टाकीला सहा-सात फुटांचा कट्टा किंवा लोखंडी स्टँड करावा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये नसतो, माणसे बसवायला आल्यावर कळतो. घरावर पत्रे असतील तर आणखी जपून. १०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच १०० किलो. ते वजन पत्र्यावर टाकता येत नाही, भिंतीवर टेकणारी वेगळी फ्रेम हवी.

हीटरचे तोंड दक्षिणेला असावे लागते, हे सगळे सांगतात. सावलीचे कोणी सांगत नाही. नागपुरात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य इतका खाली असतो की भिंतीची सावली जवळपास भिंतीच्या उंचीएवढी पडते. दक्षिणेला शेजाऱ्याचा मजला चढलेला असेल तर मे महिन्यात उन्हात दिसणारी जागा ऐन थंडीत सावलीत जाईल.

काचेच्या नळ्यांचा घ्यावा की सपाट पेटीचा, याचा निकाल माझ्या मते किमतीवर नाही, पाण्यावर लावावा. सपाट पेटीत तांब्याच्या बारीक नळ्या असतात. नदी-धरणाचे गोडे पाणी असेल तर हे यंत्र मजबूत आणि दीर्घकाळ चालणारे. पण मराठवाडा-विदर्भातल्या अनेक वस्त्यांत बोअरचे जड पाणी आहे, आणि त्यातला क्षार त्या बारीक नळ्यांत बसून पाणी कमी कमी तापू लागते. बादलीच्या कडेला किंवा रॉडवर पांढरा थर धरत असेल, तर आपले पाणी कसे आहे हे कळायला प्रयोगशाळा नको. अशा ठिकाणी काचेच्या नळ्यांचा हीटर बरा. त्याची नळी बाहेरून ४७ किंवा ५८ मिलिमीटर जाड असते, लवकर तुंबत नाही, आणि तो स्वस्तही पडतो. त्याची दुखरी बाजू म्हणजे माकडे आणि क्रिकेटचा चेंडू. एक नळी फुटली की टाकीतले सगळे पाणी वाहून जाते. नळी बदलता येते, पण जवळपास ती बदलणारा माणूस आहे का, हे आधी विचारा.

पाइप मात्र साधा पीव्हीसी चालत नाही, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी हवा आणि त्यावर आवरण. शिवाय हीटर ते न्हाणीघर अंतर कमीत कमी ठेवा. पाऊण इंची पाइप १५ मीटर लांब असेल तर गरम पाणी येण्याआधी चार-साडेचार लिटर गार पाणी निघते. टँकरच्या गावात ते परवडत नाही. बादलीत धरून वापरावे.

पावसाळ्यात काय? टाकीतच विजेचे हीटिंग एलिमेंट बसवून घेण्याचा आग्रह होतो. मला तो पटत नाही, कारण एका बादलीसाठी सगळी टाकी तापते आणि बटण बंद करायचे राहिले की बचत गेली. न्हाणीघरात जुना गिझर असेल तर तो तसाच ठेवा.

बसवून झाल्यावर टाकी भरायची ती सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. नळाला चार दिवस पाणी नाही, हीटर कोरडा पडला आणि दुपारी अचानक पाणी आले, तर उन्हात तापलेल्या काचेत गार पाणी शिरून नळ्या तडकतात. पाणीकपातीच्या दिवसांत हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह दुपारी बंद ठेवा आणि नळ्यांवर जुनी चादर टाका.