तण नाही, तरी कोळपे कशाला?

मंगळवेढ्याकडे रब्बीत गेलात तर मालदांडी ज्वारीच्या रानात तण फारसे नसतानाही कोळपे चाललेले दिसते. पाऊस केव्हाच संपलेला. मग हा खटाटोप कशाला?

काळ्या रानातली चिकणमाती पाण्याने फुगते, वाळताना आकसते. आकसली की जमीन भेगाळते आणि ऊन-वारा थेट खालच्या ओलीपर्यंत पोचतो. भेग नसते तिथूनही पाणी उडतच असते. दिव्याची वात तेल ओढते तशा मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या ओल वर आणतात. कोळप्याची पास वरची दोन बोटे माती भुसभुशीत करते. वात तिथेच तुटते, भेगाही बुजतात. वरचा थर झटकन सुकतो खरा, पण तोच खालच्या ओलीचे पांघरूण होतो.

पेरणीनंतर साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपतात. शेवटी दातेरी कोळपे, कारण तोवर जमीन टणक झालेली असते. चालवायचे मात्र उथळच, नाहीतर मुळे तुटतात.

आच्छादनाने ओल आणखी टिकते. पण ज्वारीच्या मुलखात कडब्यावर पहिला हक्क जनावरांचा. मग तूरकाट्या, गव्हाचे काड मिळेल तेवढेच पसरायचे.