उताराचे पाणी चढावर

सह्याद्रीतील अनेक वाड्या डोंगराच्या खांद्यावर वसलेल्या आहेत आणि त्यांचे पाणी मात्र खालच्या ओढ्यात आहे. ते वर आणण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या डोक्यावरील हंड्यांनी केले. या श्रमाला मजुरी नसल्याने राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात त्याची नोंद होत नाही. वीजपंप आला की हंडा उतरतो. परंतु बिल थकून जोडणी तुटली की तो पुन्हा डोक्यावर चढतो. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कित्येक योजना याच कारणाने बंद पडल्या आहेत. योजनेचे उद्‌घाटन एकदाच होते, तिचा चालू खर्च मात्र दरमहा येतो.

या दृष्टीने एका जुन्या यंत्राचा विचार अगत्याचा ठरतो. १७७२ साली इंग्लंडमध्ये जॉन व्हाइटहर्स्ट यांनी त्याचे हाताने चालवावे लागणारे रूप सिद्ध केले. पुढे तप्त हवेच्या फुग्यामुळे ख्यातकीर्त झालेल्या जोसेफ माँगोल्फिए यांनी १७९६ मध्ये फ्रान्समधील आपल्या कागद कारखान्यासाठी ते स्वयंचलित केले. हाच ‘हायड्रॉलिक रॅम’. ओढ्याचे पाणी नळातून खाली येऊन एका झडपेवाटे बाहेर पडते. वेग पुरेसा वाढला की त्याच्याच रेट्याने ती झडप खाडकन मिटते. अडलेल्या पाण्याचा दाब एकाएकी वाढतो, दुसरी झडप उघडते आणि थोडे पाणी हवेच्या कोठीत शिरून तेथून वर लोटले जाते. दाब ओसरताच पहिली झडप पुन्हा उघडते. हे चक्र मिनिटातून अनेकदा, रात्रंदिवस चालते. त्याला वीज लागत नाही, डिझेलही लागत नाही.

वरकरणी हा व्यवहार उधळेपणाचा वाटेल. मिनिटाला १०० लिटर पाणी ३ मीटर खाली पडत असेल, तर ६० टक्के कार्यक्षमता धरून ३० मीटर उंचीवर अवघे ६ लिटर पोचते. परंतु उरलेले ९४ लिटर वाया जात नाहीत. ते ओढ्यातच परततात. शिवाय मिनिटाला ६ लिटर म्हणजे दिवसाला ८,६४० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या निकषाने ही दीडशेहून अधिक माणसांची गरज होय.

अर्थात हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नव्हे. रॅमला अखंड प्रवाह लागतो, आणि सह्याद्रीतील बहुसंख्य ओढे नेमके उन्हाळ्यात आटतात. तेव्हा बारमाही झरा व पुरेसा उतार जेथे आहे, तेथेच तो उपयोगी. त्यातही झडपांची झीज होते, गाळ साचतो. फिलिपाइन्समधील नेग्रोस बेटावरील एका स्वयंसेवी संस्थेने यावर तोड काढली. तिने झडपांसाठी दाराच्या बिजागऱ्यांसारख्या बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तू वापरल्या आणि गावातच कारागीर तयार केले. २००७ मध्ये या कार्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

प्रश्न तंत्राचा कमी आणि हिशेबाच्या पद्धतीचा अधिक आहे. उभारणीच्या खर्चावरूनच योजना निवडली, तर वीस वर्षांचे वीजबिल निर्णयाच्या वेळी अदृश्य राहते. डोंगरी वाडीसाठी पंप मंजूर करण्यापूर्वी उन्हाळ्यातील प्रवाह मोजावा, दोन्ही पर्यायांचा आयुष्यभराचा खर्च शेजारी शेजारी मांडावा, आणि गावातील दोघातिघांच्या प्रशिक्षणाची रक्कम मूळ अंदाजपत्रकातच धरावी. त्या हिशेबात हंडा वाहणारीच्या वेळेलाही एक रकाना असावा.