लूप गोल का नसतो? ‘सहा एमजी’मधून गायब झालेल्या त्रिज्येची गोष्ट

बारावीच्या फिजिक्समध्ये उभ्या वर्तुळातली गती तुम्ही केली असेलच. दोरीला बांधलेला दगड, वरचा ताण, खालचा ताण, दोघांतला फरक सहा एमजी. सीईटीसाठी पाठ केलेलं हे उत्तर आज पुन्हा बघू, कारण त्यात एक चांगला संशोधन-प्रश्न दडलेला आहे.

मोऱ्याहून उरण-पनवेल करत एक्स्प्रेसवेने खोपोलीला गेलात, की पाली रस्त्यावर इमॅजिका पार्क लागतं. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कमधला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर बॉलिगर अँड माबियार या स्विस कंपनीने बनवला. उंची साधारण ४० मीटर. घर्षण सोडून दिलं तर एवढ्या उंचीवरून खाली येताना वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर होतो. गाडीला इंजिन नाही. साखळीने वर ओढून सोडलं की पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं.

आता त्याचा लूप लांबून नीट बघा. तो वर्तुळ नाही. पाण्याच्या थेंबासारखा आहे: वर अरुंद, खाली पसरट. असं का?

बहुतेकांना वाटतं, अवघड भाग वरचा आहे, तिथून गाडी पडेल. पण पुरेसा वेग असेल तर गाडी रुळाला चिकटूनच राहते, आणि शिवाय रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडे चाकं असतात. खरी अडचण लूपच्या तळाशी आहे.

गणित करून बघू. २० मीटर उंच वर्तुळ घ्या, त्रिज्या १०. वरच्या टोकाला जेमतेम टिकण्यासाठी वेगाचा वर्ग १०जी हवा. तिथून २० मीटर खाली येताना त्यात ४०जी वाढतात. तळाशी झाले ५०जी. त्रिज्येने भागा: ५जी. त्यात स्वतःच्या वजनाचा १ मिळवा: ६जी. ६० किलोच्या माणसाला आपलं वजन ३६० किलो वाटेल.

मग लूप मोठा करू या? त्रिज्या १०० घ्या. उत्तर पुन्हा ६जी! त्रिज्या वरही येते, खालीही येते आणि कटते. वर्तुळ कितीही मोठं केलं तरी सुटका नाही. आपण ‘सहा’ पाठ केला, पण उत्तरात त्रिज्या का नाही, हे विचारलं नाही.

इतिहासात हा धडा महागात शिकला गेला. पॅरिसमध्ये १८४६ मध्येच लूपची गाडी लोकांना दाखवली गेली होती. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ आली. तिचा लूप जवळपास गोल, व्यास अंदाजे २५ फूट. प्रवाशांच्या मानेला जबर हिसके बसत. १९०१ मध्ये तिथेच ‘लूप द लूप’ आला. त्याचा लूप लंबगोल असल्याने त्रास कमी होता, पण एका वेळी चारच माणसं बसत. पैसे देऊन बघणारे जास्त, बसणारे कमी. धंदा चालला नाही. मग कित्येक दशकं लूप मागेच पडला.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियात अँटन श्वार्झकॉप्फ आणि वेर्नर श्टेंगेल यांनी ‘रेव्होल्यूशन’मध्ये क्लोथॉइड वक्र वापरला. या वक्राची वक्रता अंतरासोबत एकसारखी वाढत जाते. म्हणजे जिथे वेग जास्त तिथे त्रिज्या मोठी, जिथे वेग कमी तिथे लहान. वरचंच गणित पुन्हा करा: उंची २०, वरची त्रिज्या ६, तळाची २०. वर ६जी, तळाशी ४६जी, भागिले २० म्हणजे २.३, अधिक १, एकूण ३.३जी. उंची तीच, भार जवळजवळ निम्मा. दुसरा फायदा असा, की भार हळूहळू चढतो. सरळ रुळावरून थेट वर्तुळात शिरलात तर वक्रता एका क्षणात शून्यावरून एकदम वाढते. हिसका बसतो तो त्यामुळे.

गंमत म्हणजे हा वक्र नवा नव्हताच. ऑयलरने तो अठराव्या शतकात अभ्यासला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेचे इंजिनिअर सरळ रूळ वळणाला जोडायला अशाच वक्रांवर काम करत होते. आपल्या महामार्गांच्या वळणांनाही इंडियन रोड्स काँग्रेस हाच स्पायरल सुचवते. वळणावर ड्रायव्हरला स्टिअरिंग एकदम फिरवावं लागत नाही, ते त्यामुळेच. फ्लिप फ्लॅपच्या काळात उत्तर शेजारच्या विषयात पडून होतं.

रिसर्चची तयारी करताना यातून दोन सवयी घ्या. सूत्रातून एखादी राशी कटली, की थांबा: ती बदलून उपयोग नाही, मग बदलायचं काय? इथे आकार बदलायचा होता, आकारमान नव्हे. आणि लिटरेचर रिव्ह्यू करताना फक्त आपल्याच विषयाचे पेपर वाचू नका. तुमचा प्रश्न दुसऱ्या खात्यात दुसऱ्या नावाने सुटलेला असू शकतो.

आज एक्सेल उघडा. उंची २०, वरची त्रिज्या ६ ठेवा आणि तळाची त्रिज्या १० पासून ४० पर्यंत वाढवत आलेख काढा. तो कुठून सपाट व्हायला लागतो? त्यापुढे लोखंड आणि जागा खर्च करण्यात अर्थ आहे का? हे तुम्ही ठरवलंत, की तुमचा पहिला डिझाइनचा प्रश्न तयार झाला.