रस्त्याची कड

चाक स्टँडला लावून हलकेच फिरवलं की रिमचा दोष लपत नाही. ब्रेकच्या रबरापाशी येताना रिम एका जागी डावीकडे झुकते आणि पुढच्या क्षणी परत सरळ होते. सायकलवाले याला 'आऊट' म्हणतात. आमच्या पेठेतले दुकानदार काका तो काढताना खडूचा तुकडा रिमजवळ धरतात. जिथे रिम बाहेर आलेली असेल तिथेच खडू लागतो आणि बोटभर लांबीची पांढरी रेघ उमटते. मग त्या रेघेच्या आसपासच्या तीन-चार तारा निवडायच्या. तारा हबच्या दोन्ही बाजूंना आलटून-पालटून गेलेल्या असतात. एका बाजूच्या आवळायच्या आणि समोरच्या तेवढ्याच सैल करायच्या, तेही पाव फेऱ्याहून जास्त नाही. शेवटी काका प्रत्येक तार बोटाने छेडतात. सैल तारेचा आवाज बसका येतो, तो त्यांना रस्त्यावरच्या गोंगाटातही ऐकू येतो.

जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ तारा असतात आणि मागच्या चाकात ४०. माणसाचं वजन, कॅरिअरवरची दुधाची किटली, डबलसीट बसलेली बायको, दांडीवरचं पोर, यातला बहुतेक भार मागे पडतो म्हणून मागे आठ तारा जास्त. इतकं विचारपूर्वक केलेलं आणि इतकं उघडं यंत्र माझ्या माहितीत दुसरं नाही. साखळी, फ्रीव्हील, छर्रे, ब्रेक, सगळं डोळ्यांसमोर. काय बिघडलंय ते बघणाऱ्याला कळतं आणि दुरुस्तीला पाना, चावी, पंप आणि पाण्याचं घमेलं एवढं पुरतं. म्हणून एकेकाळी पुण्यात दर दोन-तीन गल्ल्यांआड असं एक दुकान होतं.

पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे, ते उगाच नव्हे. पेठांमधली अंतरं दोन-तीन किलोमीटरांची. मुठा ओलांडून डेक्कन, फर्ग्युसन, बी.एम.सी.सी. गाठायचं तरी वीस मिनिटं पुरत. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये सुरू झाली आणि पुढे सगळा पट्टाच कारखान्यांचा झाला. पाळी सुटली की फाटकातून माणसांचा नव्हे, सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि मोटारवाला बिचारा कडेला थांबून राही, असं त्या काळातली माणसं सांगतात. मुली शाळा-कॉलेजला सायकलवर जात. कुणाच्या सोबतीशिवाय, कुणाच्या मर्जीशिवाय घराबाहेर पडण्याची मोकळीक त्या दोन चाकांनी पुण्यातल्या कित्येक मुलींना दिली. याची नोंद आपण हवी तशी घेतलेली नाही, असं मला फार वाटतं.

सायकलीचा कारभारही रीतसर होता. नगरपालिकेचा कर भरून पितळी बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलीला लावायचा. रात्री दिवा हवाच, आधी रॉकेलचा, मग टायरला घासून चालणारा डायनॅमो. डबलसीट दिसली की पोलीस अडवी. ज्याच्याकडे सायकल नाही त्याला तासाच्या भाड्याने मिळे. काकांच्या दुकानातल्या फळीवर अजून ती वही आहे. नाव, वार, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. अनामत नाही, कुलूप नाही. आमच्यापैकी बहुतेक जण अशाच भाड्याच्या सायकलवर शिकलो. आधी दांडीखालून मधून पाय घालून, मग दांडीवरून, आणि पाय पुरायला लागले की सीटवर.

हे सगळं विरलं ते याच शहरातल्या कारखान्यांमुळे. आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनू लागल्या. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. लूनाला पायडल होतं, पण ते गाडी सुरू करण्यापुरतंच मारावं लागे. सायकलस्वाराला तिने नेमका तोच दिलासा दिला जो त्याला हवा होता. ज्या कामगाराने सायकलवर जाऊन त्या गाड्या जोडल्या, त्यानेच पहिली संधी मिळताच सायकल ठेवून दिली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. चढावर घाम गाळून कामावर जाणाऱ्याला मोटर हवीशी वाटणारच. चूक झाली ती पुढे. गाड्या वाढल्या तसा रस्ता त्यांच्या मापाने रुंद होत गेला, चौक त्यांच्या वेगाने आखले गेले आणि सायकलीसाठी उरलेली कड पार्किंगने खाल्ली. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. तोवर सायकल फक्त नाइलाज असलेल्यांकडे उरली होती.

'आपल्याकडे गर्दी आहे, ऊन आहे, हे नेदरलँड्स नाही,' हे वाक्य सायकलीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. मला यात इतिहासाचं विस्मरण दिसतं. नेदरलँड्सनेही साठच्या दशकात मोटारींसाठी रस्ते मोकळे केले होते. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. लूना पुण्यात आली त्याच सुमारास, १९७२-७३ मध्ये, तिथले आईबाप 'मुलांचे खून थांबवा' म्हणत रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावलं. आज ज्या वेगळ्या सायकलवाटा पाहून आपण भारावतो, त्या याच आंदोलनातून आल्या. तिथलं हवामान तेव्हाही पावसाळीच होतं.

पुण्यात असा आग्रह धरणारी माणसं आहेत, आणि बरीच आधीपासून आहेत. 'परिसर' ही संस्था १९८२ मधली. सुजित पटवर्धन आणि त्यांच्या सोबत्यांनी पर्यावरणाचं काम हाती घेतलं आणि ते वाहतुकीपाशी येऊन पोचलं, कारण शहराच्या हवेचा प्रश्न रस्त्यापासून तोडता येत नाही. पादचाऱ्यांसाठी प्रशांत इनामदार यांचं 'पेडेस्ट्रियन्स फर्स्ट' उभं राहिलं. बसच्या प्रवाशांसाठी जुगल राठी यांचा 'पीएमपी प्रवासी मंच' आला. या मंडळींचं काम बघण्यासारखं असतं. अंदाजपत्रकातली एकेक ओळ वाचायची, निविदेत सायकल ट्रॅकची रुंदी किती धरली आहे ते तपासायचं, चौकात उभं राहून माणसं मोजायची, मग हरकत लिहायची आणि बैठकीत पुन्हा तेच सांगायचं. पायी चालणारा, बसने जाणारा आणि सायकल मारणारा हे तीन वेगळे लोक नाहीत, एकच माणूस दिवसात तिन्ही असतो, हे त्यांनी ओळखलं. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे. बस वेळेवर आली तर रस्त्यावरच्या दुचाक्या कमी होतील, आणि त्या कमी झाल्या तरच सायकलीला कड मिळेल.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी चाचणी म्हणून सुरू झाली. बसला मधली मार्गिका आणि कडेने पदपथ व सायकल ट्रॅक, अशी कल्पना होती. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्या नव्हे तर माणसं हलवायची, असं म्हटलं होतं. कागदावर तेव्हा सगळं जुळून आलं होतं.

प्रत्यक्षातला ट्रॅक कसा असतो ते सांगतो. मी अशाच एका ट्रॅकवरून रोज जात असे. सुरुवातीला तीन खांब, त्यातून हँडल तिरकं करून शिरायचं. पुढे पेव्हर ब्लॉक, त्यातले काही खचलेले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी ट्रॅक रस्त्याच्या पातळीला उतरतो आणि परत चढतो, म्हणजे शंभर मीटरमध्ये चार-पाच वेळा कमरेला हिसका. मग विजेचा डीपी. त्याला वळसा घातला की बसथांब्याची मागची बाजू, तिथे माणसं उभी, आणि ती उभी राहणारच, त्यांना दुसरी जागा नाही. एका संध्याकाळी पावसात मी थांब्यापुढे निघालो आणि ट्रॅक संपला. पाटी नाही, उतार नाही, वीतभर उंचीची कड आणि खाली रस्ता. पुढचं चाक खाली आदळलं, मी हँडलवरून पुढे गेलो. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून हे लिहितो आहे. त्यानेच सायकल उचलून दिली आणि म्हणाला, "काका, रस्त्यानंच येत जा, ते बरं." गुडघ्याला सात टाके पडले आणि रिमला मोठा आऊट आला. त्या दिवसापासून मी रस्त्यानेच जातो.

म्हणून ट्रॅकवर सायकली दिसत नाहीत, सबब ट्रॅकची गरज नाही, हा हिशेब मला मान्य नाही. अर्धवट पुलावरून कुणी जात नाही म्हणून नदीला पूल नको, असं आपण म्हणत नाही. सायकलवाट चालते ती सलग असेल तर. फाटकापाशी ट्रॅकची पातळी तशीच ठेवून गाडीने चढउतार करायला हवा. दोन सायकली एकमेकींना ओलांडतील एवढी रुंदी हवी, म्हणजे निदान दोन मीटर. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे चौक, जिथे डावीकडे वळणारी गाडी सरळ जाणाऱ्या सायकलला कापते. सायकलस्वाराला मारतो तो बहुतेकदा चौक आणि वेग, आणि नेमका चौकातच आपला ट्रॅक नाहीसा होतो.

हे सगळं पुण्याच्या सायकल आराखड्यात होतं. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने तो मंजूर केला. शहरभर आठशेहून अधिक किलोमीटरचं जाळं त्यात मांडलेलं होतं आणि ते लोकांशी बोलून, सर्वेक्षण करून बनवलेलं होतं. त्याच महिन्यात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात मोबाईलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. काही महिने शहर रंगीबेरंगी दिसलं. मुलं विद्यापीठाच्या झाडीतून सायकलवर वर्गाला जाताना पाहून मला भाड्याच्या वहीची आठवण झाली होती. मग मोडतोड झाली, कंपन्यांची गणितं फसली आणि दोनेक वर्षांत त्या सायकली दिसेनाशा झाल्या. त्यांना सुरक्षित रस्ता मिळालाच नव्हता. सायकली आल्या आधी, रस्ता येणार होता मागून. पार्किंग धोरणाचंही तसंच. मार्च २०१८ मध्ये मंजूर झालं, पण विरोधामुळे मोजक्या रस्त्यांपुरतं आखडलं आणि तिथेही रुजलं नाही. कडेला गाडी फुकट लावता येते तोवर त्या कडेला सायकलवाट कशी होणार? एका मोटारीच्या जागेत दहा सायकली उभ्या राहतात.

चांगलंही घडलं. जंगली महाराज रस्त्याचा काही भाग नव्याने बांधला. रुंद पदपथ, झाडाखाली बाक, सायकलीला जागा. तिथे संध्याकाळी आजी-आजोबा बसलेले दिसतात आणि दुकानदारांचा धंदाही बुडालेला नाही. दुसरीकडे विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती. तेवढ्या पैशांत किती चौक सायकलीसाठी नीट झाले असते, हा प्रश्न मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी छळतो.

कर्वेनगरमध्ये २०१७ पासून विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. शंभराहून अधिक जुन्या सायकली, दिवे, घंटा, पंप, बिल्ले. तिथली दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल जरूर बघावी. विमानातून उडी मारणाऱ्या सैनिकासाठी बनवलेली. चौकटीच्या मधोमध हाताने फिरवायचे दोन पंखांचे नट, ते सैल केले की सायकलीची घडी होते. पाना लागत नाही, कारण शत्रूच्या हद्दीत पाना कोण शोधणार. एवढी माया करून जपलेला संग्रह पाहताना आनंद होतो आणि पोटात कालवतंही. पुण्याची सायकल काचेआड राहावी इतकी म्हातारी झालेली नाही.

हौशी सायकलपटूंची नवी पिढीही महाराष्ट्रात मोठी झाली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी 'रॅम' शर्यत जोडीने पूर्ण करून आले. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी हेल्मेटवाल्यांची जत्रा असते. ही माणसं शिकलेली आहेत, त्यांचा शब्द बैठकीत ऐकला जातो. त्यांनी सोमवारच्या सायकलस्वारासाठीही बोलावं, असं माझं कळकळीचं मागणं आहे. कारण पुण्यात सायकल थांबलेली नाही. पहाटे पेपरवाले आणि दूधवाले, सात वाजता घरकामाला निघालेल्या मावशी, बांधकामावरचे मजूर, रात्रपाळीचे वॉचमन, सगळे सायकलवर आहेत. आराखड्याच्या बैठकीला त्यांना सुट्टी नसते.

परवा माझ्या चाकाचा आऊट काढून होईतो असाच एक वॉचमन दुकानात आला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, बीडकडचा. मागचं चाक पंक्चर, आठ वाजता ड्यूटी. काकांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली. बुडबुडे आले तिथे काडीने खूण केली, ती जागा घासली, सोल्यूशन लावून फुंकर मारली आणि ते सुकेपर्यंत टायरच्या आतून बोट फिरवून काच शोधली. तांदळाएवढा तुकडा निघाला.

"कुठून जातोस रे बाळा?" काकांनी विचारलं.

"कर्वे रोडनं, वारज्याला."

"पुलाखालून जाऊ नको, अंधार असतो. मागं लाल दिवा नाही का?"

"नाही काका. पुढच्या पगाराला घेतो."

काकांनी पॅच ठोकला, टायर चढवला, हवा दाबून पाहिली. मग ड्रॉवर उघडून एक जुना लाल रिफ्लेक्टर काढला, कुठल्याशा भंगार सायकलीचा. मागच्या मडगार्डला तारेने घट्ट बांधला आणि त्याचे पैसे धरले नाहीत. पोरगा सीटवर बसला, वळून एकदा बघितलं आणि उभ्या रिक्षा आणि धावत्या गाड्या यांच्यामधल्या हातभर जागेतून निघाला. सिग्नलपाशी गाड्यांचे दिवे पडले तेव्हा तो लाल ठिपका चमकला, मग एका बसच्या आड गेला, मग पलीकडे परत दिसला.